मानस, आवृत्ती पहिली

नवी आवृत्ती आली, आंजेलो कुलासो सांगत आला
जिना चढतानाच, हातात उंड्यांची पिशवी,
"यंदाची स्वतःच ओळखते, भिंत कुठली, दार कुठलं."
मी विचारलं, "जुन्या फायली उघडते?"
त्याने उंडा मोडला. "बघूया."

फोंड्याला तिस्कावर, बेकरीच्या डोक्यावर आमचं ऑफिस:
तीन संगणक, लहर लागली तरच निळा छापणारा प्लॉटर,
आणि भिंतीवर माझ्या अक्षरात शॉर्टकटांची यादी
जिच्यावर कुणाच्या तरी कपाचं वर्तुळ उमटलंय.

आंजेलोच्या पेनड्राइव्हमध्ये सगळं तयार मिळतं.
चोवीस तऱ्हेचे कमोड,
वरून दिसणाऱ्या गाड्या,
वरून दिसणारी माणसं (दोन खांदे, एक टक्कल),
आणि एक माड, परमुलखात वाढलेला,
ओळंब्यात सरळ, एकही शहाळं नसलेला.
मानस तेवढी नव्हती.
शोधली, तर उत्तर: शून्य वस्तू.

पुस्तकात मानस म्हणजे मन.
आमच्याकडे खाजनाच्या बांधातलं दार,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं,
कुणी हात न लावता.
दुर्भाटला बांधाला खांड पडली होती,
कोरगुटाच्या वाफ्यांत खारं पाणी,
आणि सरकारी कागदाला नकाशा हवा होता
तीन प्रतींत, मिलिमीटरमध्ये.

लेझरचा लाल ठिपका ओल्या फळीवर थरथरत राहिला.
एक कुर्ली त्याच्यावरून चालत गेली.
बाबलो मेस्त चिऱ्यावर बसून बघत होता.
मी विचारलं, "मागच्या फळीचं माप?"
त्याने एक वीत दाखवली, चार बोटं,
मग अंगठा किंचित उचलून, "आनी इतलें फुगपाक."
"इतलें म्हणजे किती?"
"तें उदकाक विचार, बाय."

म्हणून बसले. डबा खाल्ला. फोन उतरला.
आतलं पाणी बाहेर जाता जाता हळू झालं,
जुवारीचं पाणी चिखलावरून चढत आलं,
मग थोडा वेळ दोन्हीकडे सारखंच,
आणि फळ्या मधोमध, हलत्या, कुणाच्याच नाहीत.
मग ठप्प.
पाठीला, चिऱ्यातून, तो आवाज लागला.

रात्री एकास एक काढली.
चिरे तांबड्या थरावर, किंदळाची फळी पिवळ्या,
बिजागरी, खोबण, उंबरा, सगळं स्नॅप होत गेलं.
अंगठ्याएवढ्या फटीला मात्र जागा सापडेना:
शून्य ठेवलं तर लाकूड फुगून अडकणार,
आकडा लिहिला तर खोटा.
शेवटी तिच्यासाठी वेगळा थर केला.
नाव दिलं "फुगवटा". दिसतो, छापत नाही.
मानस-शून्य-एक म्हणून जतन केली,
आंजेलोला दिली, त्याने ज्याला त्याला.

निविदा अजून निघायची आहे.
बाबल्याने दोन फळ्या बदलल्यासुद्धा, कागदाविना.

आणि काल आसगावच्या एका बंगल्याची फाईल आली,
नव्या आवृत्तीतली, आमच्या यंत्रावर कण्हत उघडली.
पोहण्याच्या तलावाकाठी, शोभेसाठी,
माझी मानस.
आरशात धरल्यासारखी उलटवलेली,
शेजारी तोच परमुलखातला माड, सोळा वेळा.
थरांची यादी खाली खाली सरकवत गेले.
फुगवटा होता. कुणीतरी बंद केलेला.
चालू केला.
फळीच्या कडेला एक बारीक रेघ उगवली,
मेस्ताच्या अंगठ्याची.

फाईल परत पाठवली, एका ओळीसह:
दारं उलटी बसलीत, भरतीला उघडतील.

पाच मिनिटांत उत्तर आलं:
पूलला कसली भरती, मॅडम?